मागील बाकी

पंचायतीच्या सभेत मी एवढंच म्हणाले,
देवाला सगळं दिसतं, खरंय,
पण पन्हळ साफ करायला तो शिडी आणत नाही.
पाळकसाहेबांनी चष्मा पुसला.
दुशिंगकाकांनी चहा सांगितला.
आणि मालमत्तेची वही
माझ्या मांडीवर आली ती आलीच.

तीस वर्षं जालना डेपोत स्टोअर सांभाळलं मी,
कोणता टायर कितव्यांदा रिमोल्ड झाला, तोंडपाठ.
मग देवळाचा हिशेब असा कसा?
किरकोळ दुरुस्ती. किरकोळ दुरुस्ती.
सोळा वर्षं किरकोळ,
आणि वेदीमागच्या भिंतीवर ओल
नवा तालुका जाहीर व्हावा तशी पसरलेली.

म्हणून दहा वर्षांचा तक्ता आखला.
पहिल्या वर्षी कौलं, वासे, पन्हळी.
तिसऱ्या वर्षी वायरिंग.
पाचव्या वर्षी कुंपण, कारण कुंडलिकेच्या अंगानं
दर उन्हाळ्यात कुणाची तरी टपरी
हातभर आत सरकते.
सातव्या वर्षी घंटेचा मनोरा,
पुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.
'पैसा कुठून' हा रकाना सगळ्यात रुंद ठेवला.
हंगामाच्या सणाला बेन्यामिन मकासरेनं
लिलावात भोपळा घेतला, परत दान दिला,
परत लिलाव, परत दान.
एक भोपळा तीनदा विकून
एक पन्हळ निघाली.

मुनीर मिस्त्रींशी करार, पाचशेच्या स्टॅम्पवर.
कलम चार: चुना पंधरा दिवस भिजवलेला.
कलम सहा: काळ्या दगडाला सिमेंट लागणार नाही.
कलम सात: भाव ठरला तो ठरला,
सळयांच्या या गावात लोखंड
सकाळी एक बोलतं, संध्याकाळी एक.
कलम नऊ: बिलातले पाच टक्के
एक पावसाळा जाईपर्यंत आमच्याकडे.
"बाई, पावसावर भरोसा, माझ्यावर नाही?"
मी म्हणाले, पाऊस सही करत नाही.

वरचा गिलावा उतरवला त्या मंगळवारी
हाक आली.
बासष्टाव्या वर्षी पदर खोचून शिडी चढले.
दगडावर खिळ्यानं कोरलेली उर्दू ओळ.
मुनीरनी बोटानं धूळ सारली, वाचली:
इमामबक्ष गवंडी. काम पुरं.
बाकी अकरा रुपये हाली.

हाली म्हणजे निजामाचा सिक्का.
लाकडी पेटीतलं जुनं मिनिटबुक काढलं,
कडा वाळवीनं वाचून संपवलेल्या.
"छपराचे काम देवाच्या कृपेने पूर्ण झाले."
इमामबक्षचं नाव नाही.
कृपेचं बिल कुणी दिलं, तेही नाही.

सभा दीड तास.
एक म्हणाला, मुदत संपली.
एक म्हणाला, वारसांसाठी जाहिरात द्या.
दुशिंगकाका म्हणाले, गिलावा मारून मोकळे व्हा,
ऑडिटरला काय सांगणार?
त्यांची नात सलोमी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला,
मोबाईलवर चक्रवाढ व्याज काढत बसली.
वीस हजारांच्या घरात, म्हणाली.
चहा तसाच राहिला.

मुनीर दाराशीच होते, चपला हातात.
"तेवढा दगड उघडा ठेवा," म्हणाले.
"दर्जा भरतो. वर चुना मारणार नाही.
पण कलमात लिहा."
कलम दहा मी हातानं लिहिलं.
खाली दोन सह्या.

भांडवली खर्च की चालू? सलोमीनं विचारलं.
मला सुचेना.
दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवरच लिहिलं:
इमामबक्ष, अकरा हाली, देणे.

ऑक्टोबरात मुनीर पाच टक्क्यांचा चेक न्यायला आले.
आधी वर चढले, मग हात पुसत आत.
वेदीमागची भिंत कोरडी.
फक्त घंटेखाली फरशीवर
रुपयाएवढा ओला डाग.
"तो तुमच्या तक्त्यात कितव्या वर्षी?"
सातव्या, मी म्हणाले.
ते काही बोलले नाहीत, डागाकडे बघत राहिले.
मी पेन्सिल काढली,
सात खोडलं,
दोन केलं.