साबणाची डबी

उदगीरच्या तहसिलीसमोर लिंबाखाली
आमच्या चार टपऱ्या आणि प्रिंटर एक.
तोही सिद्रामप्पांचा, बँकेच्या भंगारातून आणलेला,
एकच वायर, आणि ती एकाच कॉम्प्युटरला पोचायची.

म्हणून पेनड्राइव्ह फिरायचा हातोहात,
तंबाखूच्या चंचीसारखा,
माझ्याकडून अंगदकडं, अंगदकडून तुळसाबाईकडं,
आणि त्याच्याबरोबर कुणाचा तरी व्हायरस,
एका घरचा खोकला साऱ्या गल्लीत जावा तसा.
एकदा एका जावयाच्या शपथपत्रावर
सासऱ्याचा सातबारा उमटला.
भांडण तिसऱ्या दिवशी मिटलं.

मग शाहिस्ता आली, स्टॅम्पवाल्या महेबूबभाईंची धाकटी,
नांदेडला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला.
ओढणीच्या टोकात सुपारी बांधून आणावी
तशी तिनं आणली एक हिरवी पाटी,
पत्त्याच्या पानाएवढी.
"हा कॉम्प्युटर आहे, काका."
मी म्हटलं, पडदा कुठंय? बटणं कुठायत?
"ह्याला तोंड लागत नाही," ती म्हणाली, "कान पुरेत."

तुळसाबाईनं साबणाची डबी धुऊन दिली,
अंगदनं सळई तापवून तिला भोकं पाडली.
चंदनाचा वास अजून जात नाही,
आतलं तापलं की जास्तच येतो.

दोन दिवस ती मांडी घालून
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी लिहीत बसली.
राउटरला बजावलं, ह्या डबीला रोज एकच नंबर दे,
पत्ता बदलला की पोस्टमन हरवतो.
"काय करू लालीस गं?" आप्पांनी सात वेळा विचारलं.
सात वेळा ती म्हणाली, "थांबा की जरा."

पहिलं पान निघालं तर सगळे चौकोन,
रिकामे, सारखे, शेजारी शेजारी,
मोजणी होऊन विकली न गेलेली प्लॉटिंग जणू.
दुसऱ्यावर अक्षरं आली,
पण ऱ्हस्व वेलांट्या एकेक घर पुढं सरकलेल्या.
सदतीस वर्षं टाइपरायटरवर मी हेच निस्तरलंय,
म्हणून हसू आलं, आणि जरा बरंही वाटलं.
तिनं फॉन्ट घातला. मी उभा राहून प्रत्येक रफार तपासला.
'वारस' बरोबर. 'क्षेत्र' बरोबर. 'श्रीमती' बरोबर.
चौथ्या पानावर तिनं अब्बांचं नाव उर्दूत छापलं,
उजवीकडून निघून डावीकडं पोचलेलं.
महेबूबभाईंनी तो कागद घडी न घालता
स्टॅम्पच्या वहीत ठेवला.

प्रिंटरला नाव काय द्यायचं, यंत्रानं विचारलं.
अंगद म्हणाला, किल्ला. आप्पा म्हणाले, बँकेचंच राहू द्या.
शेवटी 'लिंब' ठेवलं, कारण रेंज तेवढीच होती,
लिंबाच्या सावलीपर्यंत.

आता चारी टपऱ्यांचे कागद एकाच ट्रेमध्ये पडतात.
तुळसाबाई ओरडते, "शेळ्यांचं कर्ज कुणाचं? फारकत कुणाची?"
फारकतीला कुणी लवकर हात वर करत नाही.

परवा पावणेएकला लाइट गेली.
नळगीरच्या गिरजाबाईचा वारसाचा अर्ज
'मयत' या शब्दापाशी अडकला.
अर्धा कागद मी ओढून काढला.
ती ओट्यावर बसून राहिली, मुठीत पन्नासची नोट.
आत तहसिलीतली रांगही मोडली,
जेवणानंतर ज्याचं कोपर पुढं, त्याचा नंबर पहिला.

अडीचला लाइट आली.
डबीत लाल लागला, मग हिरवा,
मग प्रिंटर स्वतःशीच खाकरला
आणि गिरजाबाईचा अर्ज, पहिल्या ओळीपासून, अख्खा.
त्यामागं अंगदचा, त्यामागं माझे तीन,
गेले होते त्याच क्रमानं.
कुणी कळ दाबली नव्हती.

मी नांदेडला फोन लावला, हे कसं म्हणून.
"रांग लिहून ठेवते ती," शाहिस्ता म्हणाली,
"मग कुणी मधी घुसत नाही."

गिरजाबाईनं कागद घेतला,
शाई वाळवायला फुंकर मारली
(वाळवायचं काही नव्हतं)
आणि आत गेली,
दुसऱ्या रांगेत उभी राहायला.