लवूमामाचं नाक

त्या तापानंतर चव परत आली,
थोडी, मीठ आणि तिखट एवढीच.
नाक आलं नाही.
लवू खवणेकर, वय एकाहत्तर,
निवतीच्या बंदरात पन्नास वर्षं
बादलीवर वाकून सांगणारा माणूस:
आज नको. उद्या नको. परवा दुपारी.

आता बादलीवर मी वाकते.
पेडव्यांची डोकी, बांगड्यांची आतडी,
सुंगटांची सालं, घाण्यावरची खोबऱ्याची पेंड,
दोन मुठी वाळू, तळाशी जायला.
मासे याला चारा म्हणत असतील,
मामा जेवाण म्हणतो.
खालच्या पायरीवर बसून विचारतो,
"कसो येता गो वास?"

घाण, म्हणते मी.
"घाण म्हणजे काय?
घाण शंभर तरेची आसता."

तर शिकले.
पहिल्या दिवशी ओल्या पत्र्याचा.
दुसऱ्या दिवशी खिचडीच्या टोपाचा
(शाळेत मीच शिजवते, शनिवारी धुवायचा राहिलेला
सोमवारी उघडला की कळतं).
मग मध्येच गोड, उतरलेल्या माडीसारखा.
"हां," डोळे मिटून तो, "माडी. मगे?"
मग बराच वेळ काही नाही,
आणि एकदम नाकाच्या मुळाशी तिखट,
इंजिनाच्या बॅटरीचं पाणी सांडल्यासारखा.
"आता काढ भायर. जावया."

कड्याखाली नांगर टाकतो, सहा वाव पाणी,
सुकती दक्षिणेला ओढत असते.
करवंटीने मी थोडं थोडं सोडते.
भरभरून नाही:
"पोट भरला तर गरी कोण खायत?"
तेलाचा पट्टा पाण्यावर निघतो,
मोरपंखी, मग राखी, मग नुसता गुळगुळीतपणा
जिथे वाऱ्याच्या सुरकुत्या पडत नाहीत.
ते मामाला दिसतं.
मी सांगायच्या आधी तो बोट करतो,
लांब, दीपगृहाच्या रेषेत,
पट्टा कुठे वळला ते.

एकदा मी खोटं बोलले.
वैशाखातलं ऊन, मला बारापर्यंत
वेंगुर्ल्याला बँकेत पोचायचं होतं,
आणि बादली पत्र्यावरच अडून बसलेली.
म्हटलं, माडी होऊन गेली मामा, तिखटावर आलाय, चल.
त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं
आणि वल्हं उचललं.

केंड आले. नुसते केंड.
गोल डोळ्यांचे, पुढे दोन दात,
दोर कापला सात वेळा, सात गऱ्या गेल्या.
एक वर काढला तर वारा पिऊन फुगला
आणि फळीवर बसून करकरत राहिला,
पत्रिका घरी आली होती म्हणून आलो,
आता हे काय, अशा पाहुण्यासारखा.
मामा काही बोलला नाही.
तुटके दोर गुंडाळले, टोकं एकेक करून बघितली.
बंदर दिसायला लागलं तेव्हा,
समोर बघतच,
"पत्र्याचो होतो मा अजून?"
होय, म्हटलं.
बँक बंदच होती त्या दिवशी.

पुढच्या रविवारी मी घाई केली नाही.
बादलीशी तीनदा गेले, तीनदा परतले,
चौथ्यांदा डोळ्यांतून पाणी आलं
आणि मामा पायरीवरून उठला.

सुकती लागून तासभर झाला असेल.
दोर आधी जड झाला, मग गेला,
मामाच्या बोटांवर पांढरी रेघ ओढत खाली गेला,
आणि तो सोडतोय, धरतोय, सोडतोय,
मी करवंटी कुठे ठेवली मलाच आठवत नाही.
तांबोशी. माझ्या हाताएवढी लांब,
उन्हात आली तशी आणखी लाल झाली.

त्याने ती उचलून नाकाशी धरली.
पन्नास वर्षांची सवय.
धरूनच राहिला.
मग, जरा लाजल्यासारखा, माझ्यापुढे केली:
"हेचो कसो येता?"

हुंगली. परत हुंगली.
कायच नाही मामा. शपथ.
ताजी आहे ना, वासच नाही हिला.

"मगे तो माका येता," म्हणाला,
आणि तांबोशी ओल्या गोणपाटाखाली सरकवली.
"बादली धूव आता. साबण लावू नको."