बिननावाच्या एकतीस

मिरजेला बाबालाल शिकलगाराच्या भंगारात
त्या मला वजनावर मिळाल्या.
सात किलोला दोनशे ग्रॅम कमी.
"लाख आहे, बांगडीवाला वितळवायला मागतोय,"
असं म्हणत त्यानं भाव चढवला.
वर एक तडा गेलेली, फुकट.

मिशन हॉस्पिटलातल्या कुणा गोऱ्या नर्सबाईच्या म्हणे.
ती बोटीनं परत गेली, पेटी राहिली
लॅबमधल्या शद्रक लोंढेंकडे,
आणि शद्रक गेल्यावर मुलाला हवी होती
फक्त पेटी. शिसवी होती.

मी हळदीच्या पेढीवर दिवाणजी.
इंग्रजी माझं पावतीपुरतं.
तरी लेबलं लावून लावून वाचायचो:
जांभळी, काळी, एकच हिरवं,
त्यावर सोनेरी अक्षरं आणि शेवटी बहुतेक
'आणि त्याचा ऑर्केस्ट्रा'.
वहीत उतरवून घेतली सगळी,
आवक-जावकच्या रकान्यांत.

मग एकोणीस साल.
आयर्विनला सत्तावन्न फूट.
ग्रामोफोन माळ्यावर होता म्हणून वाचला,
वही खालच्या फळीला. त्याही.
सहा दिवस शाळेच्या वर्गात काढून
गावभागात परतलो तेव्हा
कव्हरांचा लगदा झालेला,
लेबलं सुटून भिंतीला चिकटलेली
एका रेषेत, पाणी थांबलं होतं तिथं.
तबकड्या गाळात जशाच्या तशा.
लाखेला पाण्याचं काही नसतं.

बॅटरीच्या दुकानातून पाणी आणलं,
दाढीच्या ब्रशानं रेघ न् रेघ विंचरली.
शकूनं ताटाळं मोकळं करून दिलं.
आठवडाभर आम्ही केळीच्या पानावर जेवलो
आणि ताटाळ्यात निथळत होते
कुठल्यातरी लांबच्या शहरातले
एकतीस शनिवार.

आता कुठली कुणाची हे कळायला
सुई टेकवण्यावाचून इलाज नाही.
म्हणून नावं मीच ठेवली.
'खोकला आवरून हसणारा'.
'दोघी बहिणी, धाकटी रुसलेली'.
'मिरज जंक्शन, रात्री अडीच':
हिच्यात गाणं नाहीच,
पियानोवर कुणीतरी नुसतं शंटिंग करतंय.

आणि 'सौदा'.
हिच्यातली बाई अर्ध्यावर शब्दच टाकून देते,
आकडे पुकारल्यासारखी
बारा, साडेबारा, तेराऽऽ चढत जाते,
मध्येच खाली येते, गिऱ्हाईक हेरते, पुन्हा वर.
तिच्या खाली तो जाड तारांचा माणूस,
आमच्या जुन्या अडत्यांसारखा
रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगणारा.
वरून काही दिसत नाही.
व्यवहार सगळा तिथंच होतो.

दिवाळीत भाची आली, ऋजुता.
तिनं मोबाईल भोंग्यापाशी धरला.
नऊ ओळखल्या त्यानं. बाकीच्यांना
गोल गोल फिरत राहिला, मग माफी मागितली.
'सौदा'वाली नवांतली निघाली.
तिचं नाव कळलं, गाव कळलं,
एकोणचाळिसाव्या वर्षी गेली हेही.
मी पेढीवर रुजू झालो त्याच्या कितीतरी आधी.
त्या रात्री ती लावली तर
'तेराऽऽ'च्या पुढं मला मोजवेना.

ऋजुतानं चिठ्ठ्या केल्या, सुवाच्य अक्षरात.
"चिकटवू का, मामा?"
चिकटव म्हटलं. पण साध्या डिंकानं.
पाण्यात सुटला पाहिजे.

तडा गेलेलीला अजून नाव नाही.
रविवारी लावतो, शकू पोळ्या लाटत असताना.
दर फेऱ्याला टक्.
मिनिटाला अठ्ठ्याहत्तर,
सिव्हिलमध्ये माझी नाडी भरली तेवढीच.
मोबाईलला ती मुळीच उमगली नाही,
त्याला टकटकच ऐकू आली असणार.
शकू लाटणं थांबवते,
पिठाचा हात वर धरून म्हणते,
"आता वळतोय बघ तो,"
आणि तो वळतो.