नानाना दिवा

तापीच्या काठी, नाव लागते तिथं,
बोअरच्या जुन्या पाइपाला टांगलेला दिवा.
पाइप उखा पाटलाचा,
बॅटरी हिलालच्या ट्रॅक्टरची,
काच बँडवाल्यांनी दिली,
लग्नसराई संपल्यावर.

समुद्र इथून लांब, तिकडं सुरतेकडं.
दीपस्तंभ वगैरे आम्ही म्हणत नाही.
झिपरूनाना नाव हाकतो, म्हणून नानाना दिवा.

अमावास्येला वेडीबाई दारोदार
दहा-दहा रुपये मागते.
वही नाही. कुणी दिले नाहीत
ते तिला पाठ.

औंदा बल्ब मोठा घातला,
मग आणखी मोठा.
परवा नाव लावता लावता नाना म्हणाला,
"औंदा धुकं गह्यरं शे, भो."

चैत्र. टिपूर चांदणं.
पलीकडच्या काठाची बाभूळसुद्धा मोजता यावी.

"हां ना, नाना," आम्ही म्हणालो,
आणि दोर
त्याच्या हाताला लागेल असा धरला.