शंभर

एल आल्तोच्या शाळेत, पहिल्या वर्षी,
पाणी उकळलं शहाऐंशीवर.
पुस्तकात शंभर होतं.
"थर्मामीटर जुना आहे," कासिल्दा बाई म्हणाल्या,
"शंभर लिही."
खोडून लिहिलं.

तिसऱ्या वर्षी हवेला वजन आलं.
बाईंनी फळ्यावर डोंगर काढला,
माथ्यावर आमची शाळा,
आणि थर्मामीटरची माफी न मागता
पुढचा धडा घेतला.

शेवटच्या वर्षी सूत्र, लॉगॅरिदम, दोन पानं गणित.
उत्तर : शहाऐंशी, आणि किंचित वर.

जुनी वही काढली.
शंभराखाली कागद झिजलाय;
खिडकीशी धरला की
शहाऐंशी अजून वाचता येतात.

आईला दाखवायला गेले.
दुपारपासून तिचा घेवडा शिजत होता.
वहीकडे न बघता म्हणाली,
"तो दगड दे इकडे,"
आणि झाकणावर ठेवला.