जोडाक्षरे

या रोगाला मराठीत शब्द नाही,
म्हणून मीच एक घरगुती कोश काढलाय
खोक्यांच्या झाकणांवर, आतल्या बाजूने, बॉलपेनने.

पहिली नोंद. वहाणवत जाणे :
मेनरोडला जिरं आणायला जावं
आणि दहीपुलाच्या उतारावर काचेआडून
मोरपंखी मखमलीचा एक जोडा
नुसता बघावा आपल्याकडे. संपलं.
जिरं राहतं.
(तीन आठवडे झाले, फोडणीला नुसती मोहरी.)

चपलखल : दुकानात, गालिच्यावर, बसून,
पाय पुढे धरून अगदी बरोब्बर होतो तो जोडा.
उभं राहिलं की शब्द संपतो.

टाचकन : डोळ्यांत पाणी येण्याची एक रीत.
गोदाघाटावर दोन फरश्यांच्या फटीत
साडेतीन इंचांची टाच गेली, ती गेलीच,
आणि मी भर बुधवारच्या बाजारात
मेथीच्या जुड्यांपुढे एका पायावर, बगळ्यासारखी.
भाजीवाली म्हणाली, "नवस आहे का, ताई?"

बुटकी : शब्द जुना, अर्थ माझा.
जिला बूट घेतल्यावाचून करमत नाही ती.
माझी उंची चार फूट अकरा,
म्हणजे दोन्ही अर्थांनी मीच.

खोकेबाजी : नवं खोकं जुन्या खोक्यात घालून घरात आणायचं.
नवऱ्याचं नाव निवृत्ती, पण चौकशीतून काही निवृत्त होत नाही.
त्याची स्वतःची एकच चप्पल, नऊ वर्षं.
शालिमारच्या दोंदेकाकांनी अंगठा बदलला, पट्टा बदलला,
मागल्या साली तळही बदलला,
तरी हा म्हणतो, तीच आहे.
अशा माणसाला माझ्या कोशात एकवहाणव्रती म्हणतात.
थोडं आदरानेच म्हणतात.

कापूसपंजा ही नोंद जुन्यातली जुनी.
दर जूनला शाळेचा काळा बूट, एक नंबर मोठा,
पुढे कापूस कोंबलेला.
बूट तिथेच थांबायचा, पायाने वाढत वाढत त्याला गाठायचं.
आता पाय थांबलाय.
आता बूट येतात, रांगेत बसतात, आणि विचारतात,
कुठे जायचं?

कुठे जाणार!
सकाळी सातला मोहाडीच्या पॅकहाऊसची गाडी येते.
केसांवर जाळी, हातमोजे, गारठलेला हॉल,
अठरा मिलिमीटरहून बारीक मणी बाजूला,
अर्ध्या किलोची डबी, पुढची डबी, पुढची,
आणि पायात पांढरे गमबूट, पाच नंबर,
आत आधीच्या कोणाचं तरी नाव पुसट मार्करमध्ये.
गमबुटाला कोशात नोंद नाही.

परवा पगार झाला. काल डब्याच्या पिशवीत
सोनेरी सँडल घेऊन गेले. का, ते विचारू नका.
जेवणाच्या सुट्टीत, बाहेरच्या शेडमध्ये,
निरभवणेबाईंनी झाकण उघडलं.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग नळावर जाऊन पाय धुतले,
बोटांच्या बेचक्यांसकट पदराने पुसले,
भेगांत अजून थोडी माती होती,
आणि माझा खांदा धरून उभ्या राहिल्या.
क्रेटच्या दोन रांगांमधून चालल्या,
पाच पावलं, सहा,
सातव्याला माझा खांदा सोडला.

"काय दिसतंय, बाई?"
"सुपरवायझरच्या कपाटावरची धूळ," त्या म्हणाल्या.
सगळ्या शेडभर हसू.
त्या मात्र तशाच उभ्या, मान वर करून.
"असं होतं त्याला काय म्हणतात गं, तुझ्यात?"

मी अख्खा कोश आठवून पाहिला. नव्हता.
घंटा झाली. पुन्हा गमबूट.
सँडल त्यांच्याच खणात राहिल्या, झाकण माझ्याकडे,
आतून कोरं.

गाडीत उतरताना म्हणाल्या,
"थांब, उद्या सांगते.
रात्री पडल्या पडल्या बघते सुचतंय का."