घड्याळ कोणाच्या बाजूनं

संस्थेचं ऑफिस म्हणजे जिनिंगमागची एक खोली,
दोरीनं दार बांधलेलं लोखंडी कपाट,
पाच रुपयांची पावतीपुस्तकं
आणि सरकीचा वास. तो कागदांनाही लागलाय.
वकील म्हणतात, ताई, तुमचा अर्ज उघडला की ढेप आठवते.

अध्यक्ष मी. म्हणजे किल्ली माझ्याकडे,
आणि पैसे देणारे विचारतात तेव्हा
गावोगावी किती माणसं पाठीशी आहेत ते मी सांगायचं.
आकड्यात सांगा, म्हणतात.
सहाशे एकेचाळीस पावत्या, मी सांगते,
त्यातल्या एकोणीस उधारीवर.

शिकवायला फार नव्हतंच माझ्यापाशी.
धरून नेलं तर का नेलं ते विचारायचं,
कुठं नेलं ते लिहून घ्यायचं,
आणि चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं,
प्रवासाचा वेळ सोडून.
"प्रवासाचा कावून सोडाचा?" पारबता टेकामनं विचारलं होतं,
"रस्ता तं त्याहीनंच खराब ठेवला."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बेड्यावरून इंदलला उचललं.
मोटारपंप चोरीला गेला की आधी पारध्यांचं बेडं आठवतं,
इथली जुनी रीत.
मी नागपुरात होते, थंड खोलीत,
'परिणाम' या रकान्यात काय भरावं या विचारात.
इकडं एकतीस बाया ठाण्यासमोर बसल्या.
घोषणा नाहीत. बॅनर कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये.
मधोमध पालथ्या घमेल्यावर शेवंताचं गजराचं घड्याळ.
दर तासाला एक जण उठायची,
आत जाऊन वेळ सांगायची,
पदर सावरत परत येऊन बसायची.
साहेब, नऊ झाले.
साहेब, तेरा झाले.
बाविसाव्याला जीप निघाली पांढरकवड्याला, कोर्टाकडं.

फोन आला तेव्हा डोळे भरले माझे.
आणि खरं सांगते, कुठंतरी टोचलंही :
मला एकीनंही विचारलं नव्हतं.

मग दिवाळीच्या तोंडावर दिगांबर उमकला नेलं.
त्याची भट्टी याच बायांनी फोडलेली,
तक्रारीवर पहिला अंगठा पारबताचा.
तिच्या लेकीच्या कपाळावर जी खूण आहे
ती त्याच्याच दारूनं केलेली, जावयाच्या हातून.

रात्री उमकची बायको खोलीपाशी आली,
मुठीत पाचाचं नाणं.
"ताई, पावती फाडा."
पेन शोधायला मी फार वेळ लावला.
पेन समोरच होतं.
मनात म्हणत होते, राहू दे की दोन दिवस जास्त,
कोण मोजतंय.

पारबता केव्हाची दारात उभी होती.
आत आली नाही. उमकच्या बायकोकडं पाहिलंही नाही तिनं.
"कवा नेला?"
"साडेसातले."
बोटांची पेरं मोजली तिनं, मग म्हणाली,
"मंग उद्या साडेसात.
लय नालायक हाय तो. मेला तं मी गूळ वाटीन.
पण घड्याळाले थोडंच मालूम हाय आत कोण हाय ते."

त्या रात्री एकतीस नव्हत्या. नऊ होत्या.
त्यातल्या दोघी मधूनच उठून गेल्या, चप्पल आपटत.
शेवंता आली नाही.
घड्याळ तेवढं पाठवलं, नातवाच्या हाती,
चावी भरून.

कोणी कोणाशी बोलत नव्हतं.
रस्त्यापलीकडं कापसाची गाडी उभी होती,
तिच्यावर कुत्रं झोपलेलं.
चौथा तास माझ्या वाट्याला आला.
ठाणेदार हसले : "ताई, तुमीही? याच्यासाठी?"
आत गजांमागं कोणीतरी खोकलं.
उत्तर तयार होतं माझ्याकडं, चांगलं दोन पानी,
कितीदा व्यासपीठावरून दिलेलं.
ते आठवेना.
"साहेब," मी म्हणाले, "चार झाले."